जवळ उभा राहणारा

क्षेत्रकार्याला निघण्याआधी आमच्या नव्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं, "या वेळी आखणी नाही. तुम्ही मोकळे आहात. काहीतरी स्वतःचं करून या." पोरांनी बाकं वाजवली. मीही वाजवली, आणि त्याच घटकेला माझं स्वास्थ्य गेलं.

तोवर ईश्वरविज्ञान शिकणाऱ्या आम्हा मुलांचं क्षेत्रकार्य ठरलेलं असायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, जायचं, पाळकसाहेबांच्या घरी उतरायचं, नेमून दिलेले उपदेश करायचे, मुलांना शास्त्रपाठ शिकवायचे, बाजारच्या दिवशी पत्रकं वाटायची आणि शेवटी पाळकसाहेबांचा अहवाल कॉलेजात पोचला की सुटलो. या साच्यावर वर्गात सगळ्यांत जास्त तोंड मीच टाकायचो. आमचे प्राध्यापक परदेशातून शिकून नुकतेच परतले होते. खादीचा झब्बा, राखलेली दाढी, आणि दर दोन वाक्यांना 'सर्जनशील'. त्यांना माझी कुरकुर आवडायची. त्यांनी मोकळीक हातावर ठेवली तेव्हा कळलं, की साचा मोडायची मला फार हौस होती, पण त्याच्या जागी काय ठेवायचं याचा पत्ताच नव्हता.

मला वाशीम मिळालं. तेव्हा ते अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्वतःचा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. मी नगरकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आणि मी पाळक व्हावं हे त्यांनी माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरवून टाकलेलं. छोट्या रुळांच्या गाडीतून उतरलो तेव्हा वैशाखातलं ऊन असं होतं की फलाटावरची कुत्रीसुद्धा माणसाकडे बघत नव्हती.

पाळकसाहेब साठीला आलेले, सडसडीत, कमी बोलणारे. मंडळी म्हणजे मोजकी घरं: दवाखान्यातल्या परिचारिका, एक-दोन शिक्षक, कचेरीतला एक शिपाई. मी पहिल्याच रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाऐवजी बायबलातल्या उधळ्या पुत्राचं कीर्तन लावलं. चिपळ्या घेतल्या, नाचलो, घामाघूम झालो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी खाली बसल्यावर पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या परिचारिकेने शेजारणीला विचारलं, "आता उपदेश केव्हा हाय?"

मग मी बसस्टँडजवळ पथनाट्य करायचं ठरवलं. त्याला नट मिळेनात. मग भाज्यांचे वाफे काढले, विहीर आटली. मग कचेरीच्या शिपायाला इंग्रजी शिकवायला घेतलं. तो तिसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. एक ना धड भाराभर चिंध्या. दुपारभर पाळकसाहेबांच्या पडवीत येरझारा घालायचो, आणि ते आरामखुर्चीतून डोळे न उघडता म्हणायचे, "भिंगरी पायाला आहे की मनाला, एवढं तरी ठरवा." मला त्यांचा राग यायचा. प्राध्यापकांचाही यायचा. मोकळं सोडलं म्हणजे माणूस आपोआप काही निर्माण करतो, असं ज्याला वाटतं त्याने कधी मोकाट सुटलेलं वासरू पाहिलं नसावं. ते तासभर उधळतं आणि मग दाव्यापाशीच येऊन उभं राहतं.

एके दिवशी असाच वैतागून पाळकसाहेबांची सायकल काढली आणि वाशीमजवळच्या मालेगावच्या रस्त्याला लागलो. ते गाव अजून पुढे असताना चेन निसटली. रस्त्याला लागूनच एक खेडं होतं आणि त्याच्या कडेला बौद्धवाडा. चेन बसवत असताना आतून पेटीचा आवाज आला. आवाज कसला, दमेकऱ्याची धाप. मला पेटी लहानपणापासून येते. उघडून पुन्हा जुळवताही येते. राहवलं नाही, आवाजामागे गेलो.

ओसरीवर एक मध्यमवयीन गृहस्थ पेटीशी झटापट करत होते. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानात मजुरी. वाड्यातल्या गायनपार्टीची ती पेटी त्यांच्या घरी असायची. मी कोण हे विचारून घेतल्यावर त्यांनी पेटी जरा आपल्याकडे ओढली.

"किरिस्ताव ना तुमी? आधीच सांगतो भाऊ, आमी एक डाव धर्म बदलला. आता पुन्हा नाई बदलत."

"काका, मी फक्त भाता बघतो," मी म्हणालो.

भात्याच्या घड्यांना चिरा गेल्या होत्या. त्यांच्या मुलीने खळ शिजवून दिली, एका जुन्या पिशवीचं मऊ कातडं दिलं, आणि मी संध्याकाळपर्यंत ते चिकटवत बसलो. आल्यापासून इतका वेळ मी एका जागी पहिल्यांदाच बसलो होतो. पेटी बोलायला लागली तेव्हा काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवून जा."

मग मी जातच राहिलो. संध्याकाळी गायनपार्टी जमायची, मी साथ करायचो. काकांची मुलगी सातवी पास झालेली, जिभेने तिखट. तिचं लग्न ठरलं होतं, रिसोडकडच्या मुलाशी. एकदा भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "दादा, तुमच्या कालेजात काय काय शिकवते?"

"धर्म," मी सोपं करून सांगितलं.

"कोन्ते कोन्ते?"

"एकच. आमचा."

तिचा हात थांबला. "एकच? अकोल्याच्या शेतकी कालेजात तं समदे पिकं शिकवते. अन् तुमच्या धर्माच्या कालेजात एकच? त्याले किती वर्सं लागते?"

"चार."

"चार वर्सं!" ती बापाकडे वळली. "बाबा, काई तरी लपवून राह्यले हे."

सगळे हसले, मीही हसलो. पण वाड्यात तो समज पसरला तो पसरलाच. मी धर्माच्या कॉलेजातला, म्हणजे मला सगळ्यांचे विधी येणार. दोन बायकांनी बारशाचं विचारलं. मी किती वेळा नाही म्हटलं, तरी लोकांना तो माझा विनय वाटायचा.

पाळकसाहेबांना माझं तिकडे जाणं पसंत नव्हतं. ते म्हणाले, "त्यांनी फार सोसून स्वतःचा रस्ता धरलाय. तुम्ही रोज तिथे दिसलात तर त्यांना वाटेल आम्ही जाळं टाकलंय. आणि आपल्या लोकांना वाटेल तुम्हीच जाळ्यात सापडलात." बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

लग्नाला मला पेटीसाठी बोलावलं होतं. पळसाच्या डहाळ्या टाकलेला मांडव, समोर पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या, फुलांची परडी. वऱ्हाड सकाळच्या गाडीने येऊन टेकलं होतं. लग्न लावायला मालेगावचे एक शाळामास्तर यायचे. त्या भागातली बौद्धांची बहुतेक लग्नं तेच लावत. अकराच्या एस.टी.ने ते आले नाहीत. कंडक्टरने खिडकीतून निरोप टाकला: मास्तरांना ऊन लागलंय, अंथरुणातून उठवत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय अडलं? त्रिशरण, पंचशील तर वाड्यातल्या पोरासोरांना पाठ होतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण वाड्यात दोन तट होते. बुद्धविहाराचा चौथरा कोणाच्या घरासमोर बांधायचा यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. काकांनी हातापाया पडून दोन्ही तट एका मांडवात आणले होते. एका तटाचा माणूस लग्न लावायला समोर उभा राहिला की दुसरा तट पत्रावळीवरून उठणार, हे लिहून ठेवल्यासारखं होतं. सांगणारा बाहेरचाच हवा होता.

आणि बाहेरचा म्हणजे कोण, हे नवऱ्याच्या मामाने मोठ्या आवाजात सांगून टाकलं. "आमच्या गावचा जोशी अजून येते. लय कटकट नाई. जीप पाठवतो, घंटाभरात लगन लागते. तुमचं हे नवं नवं कायले पाह्यजे, जर मानूसच भेटत नाई तं?"

काका उठून मांडवामागे गेले. मी मागोमाग गेलो. ते पाण्याच्या रांजणापाशी उभे होते.

"माह्या लगनात जोशी तठी उभा होता," त्यांनी लांबच्या एका निंबाकडे हात केला. "तेवढ्या दुरून वरडला. आमी मांडवात, थो निंबाखाली. दक्षिना दगडावर ठेवाले लावली, पानी शिंपडून मंग उचलली. माह्या बायकोले वाटलं लगन लागलंच नाई. दिवसभर विचारे, लागलं का, लागलं का." मग म्हणाले, "मले काई नाई पाह्यजे भाऊ. माह्या पोट्टीजवळ उभा राह्यनारा मानूस पाह्यजे."

आणि माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हा काय विचार केला हे पुढे मला पुष्कळांनी विचारलं, वडिलांनी तर वर्षानुवर्षं. खरं सांगायचं तर शांत विचार असा काही नव्हताच. माझं डोकं भणभणत होतं. त्या मामाचा संताप आला होता, निंबाखालच्या त्या न पाहिलेल्या माणसाचा आला होता. एकीकडे हेही स्वच्छ दिसत होतं, की लग्न लावणारा आधी म्हणतो आणि लोक मागून म्हणतात. म्हणजे 'शरण जातो' हे मला पहिल्यांदा, एकट्याने, मोठ्याने म्हणावं लागणार. आमच्यात प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी नावाने होते. बाप्तिस्म्याचं पाणी, प्रभुभोजनाची भाकर, लग्न, दफनाची माती. मी तिथे कोणाच्या नावाने उभा राहणार होतो? इकडे आड तिकडे विहीर, आणि मांडवात वऱ्हाड जीपची चौकशी करू लागलेलं.

"काका, मी तुमच्यातला नाही," मी म्हणालो.

"म्हनून तं," ते म्हणाले.

मी आत गेलो. छापील पुस्तिका कोणीतरी हातात दिली. नवरीने पांढरी साडी नेसली होती. तिने मला टेबलाजवळ येताना पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पाहा, लपवून ठेवलं होतं ना?" एवढ्या घाईतही मला हसू आलं. मामा म्हणाला, "हा कोन?" दोन्ही तटांचे म्हातारे एकाच वेळी म्हणाले, "धर्माच्या कालेजातला हाय." दोन वर्षांत त्यांनी एकत्र म्हटलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो. वाचायला सुरुवात केली. पाली मला येत नव्हती, पण लिपी आपलीच. पहिलं शरण म्हटलं आणि अख्ख्या मांडवाने ते माझ्याकडे परत पाठवलं. असा प्रतिसाद मला आमच्या कुठल्याही देवळात कधी मिळाला नव्हता. काका सगळ्यांत मागे उभे राहून म्हणत होते. दुसऱ्यांदा म्हणताना मी पुस्तिकेतून डोळे काढले. तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या मनात एकच गोष्ट होती: हे लग्न लागलं पाहिजे. पक्कं लागलं पाहिजे. या घरात आज कोणी कोणाला 'लागलं का' असं विचारता कामा नये. त्यासाठी माझ्याजवळ जे काही होतं ते सगळं मी त्या शब्दांत घातलं. मग वचनं झाली, हार झाले, शेवटच्या गाथा सगळ्यांनीच म्हटल्या, आणि माझ्याही डोक्यावर फुलं पडली.

नवरीची आई माझ्याजवळ आली. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि जेवणाच्या पंगतीकडे निघून गेली.

वाशीमला परतलो तेव्हा पाळकसाहेबांना मीच सांगितलं. ते खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "मला हे कळवावं लागेल. न कळवता सही केली तर उद्या माझ्या तोंडून प्रार्थना निघायची नाही." त्यांनी अहवाल पाठवायच्या आधी मला वाचून दाखवला. त्यात एक शब्द वावगा नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की विद्यार्थी प्रामाणिक आहे. त्या माणसाचा मी महिनाभर उगाच राग केला होता असं मला वाटलं, आणि ते त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "सायकलीची चेन नीट बसवून ठेवा म्हणजे झालं."

कॉलेज उघडल्यावर समितीने बोलावलं. प्राचार्य, मंडळीकडून आलेले दोन वडीलधारे सभासद आणि आमचे प्राध्यापक. समितीला ठरवायचं होतं की मला पाळकपणाच्या दीक्षेच्या वाटेवर ठेवायचं की नाही. आत जायच्या आधी प्राध्यापकांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. ते घामेजलेले होते. मोकळीक त्यांनी दिली होती, तेव्हा बोट त्यांच्याकडेही वळणार होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "अवघड काही नाही. तो सांस्कृतिक सहभाग होता, असं सांग. शब्द फक्त तोंडाने वाचले, मनात तसं काही नव्हतं. एवढं म्हणालास की ते विषय मिटवतील. मी बोललोय."

"मनात नव्हतं असं सांगू?"

"नव्हतंच ना तुझ्या मनात! तू काय बौद्ध झालास का?"

नाही, मी बौद्ध झालो नव्हतो. रोज सकाळी त्याच येशूपुढे गुडघे टेकत होतो, आजही टेकतो. पण त्यांचं वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. मी तिथे फक्त ओठ हलवून आलो असेन, तर त्या मुलीच्या लग्नात उभं कोण होतं? मग माझ्यात आणि निंबाखालच्या माणसात फरक काय राहिला? तो निदान लांब उभा राहून लांबच होता. मी हातभर अंतरावर उभा राहून मनाने लांब राहिलो, असं आता चार भिंतींच्या आत सांगायचं, आणि त्या बदल्यात आयुष्यभर लोकांची लग्नं लावत फिरायचं!

"सर," मी म्हणालो, "तुम्हीच म्हणाला होतात, स्वतःचं काहीतरी करून ये."

"असलं नाही रे," ते कळवळून म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि तरीही राग गेला नाही.

आत प्राचार्यांनी सरळ विचारलं. आवाज मऊ होता. त्यांना मला वाचवायचंच होतं. "जे शब्द तू तिथे उच्चारलेस, ते मनापासून उच्चारलेस का?"

खिडकीबाहेर माळी झाडांना पाणी घालत होता. मला वडील दिसत होते, गावच्या देवळात पहिल्या बाकावर बसून माझा उपदेश ऐकायची वाट बघणारे. 'नाही' हा एवढासा शब्द. प्राध्यापक माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवत होते.

"हो," मी म्हणालो. "ते लग्न लागावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते त्या शब्दांनीच लागत होतं."

पुढे त्यांनी आणखी बरंच विचारलं. मी जमेल तसं सांगितलं, थोडं चिडून, थोडं अडखळत. एका सभासदाने विचारलं, पुन्हा तसा प्रसंग आला तर? मी म्हणालो, "पुन्हा लग्न लावीन." तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दीक्षेची वाट बंद झाली हे मला कोणी सांगायच्या आधीच कळलं.

आमच्या कॉलेजात कुठलीही बैठक विद्यार्थ्याच्या प्रार्थनेने संपायची. तो रिवाजच होता. इतकी वर्षं बैठक कसलीही असो, शेवटी प्राचार्य आमच्यापैकी कोणाकडे तरी मान वळवत. त्या दिवशी ते माझ्याकडे वळले, थांबले, आणि स्वतःच प्रार्थना करू लागले. छान प्रार्थना होती. या तरुणाला प्रकाश दे, त्याची पावलं सांभाळ, त्याच्या आईवडिलांना धीर दे, आणि आज आम्ही घेतलेला निर्णय तुझ्या इच्छेप्रमाणे आहे असं आम्हां सर्वांना समाधान दे. मी डोळे मिटून समोरच उभा होतो, आणि माझ्याविषयी देवाला मी तिथे नसल्यासारखं सांगितलं जात होतं.

प्रार्थना संपली. सगळे म्हणाले, "आमेन." सवयीने मीही म्हणालो. त्या उभ्या उन्हाळ्यात मनात नसताना तोंडातून काढलेला शब्द तेवढा एकच.